चार नळ, चौदा घागरी: घरच्या मशीनमध्ये दोन झिऑन घालून एक वर्ष

१२८ च्या जागी ११२. रात्री साडेअकराला स्क्रीनवर हा आकडा दिसला आणि मी आधी रॅमलाच शिव्या घातल्या. सोळा जीबीच्या आठ स्टिक मोजून लावल्या होत्या, त्यातली एक मशीनला दिसतच नव्हती. ती काढून पुसली, पुन्हा लावली. ११२. दुसऱ्या स्टिकशी जागा बदलली. ११२. पण गायब होणारी जागा तीच, दुसऱ्या प्रोसेसरच्या शेजारचा तिसरा स्लॉट. म्हणजे स्टिक शुद्ध होती. दोष एक तर मदरबोर्डाचा होता, नाही तर प्रोसेसरचा.

ही गोष्ट पुढे पूर्ण करते. आधी झिऑन नावाचे हे सर्व्हरचे दोन प्रोसेसर घरात आलेच कसे ते सांगायला हवं, कारण मला भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. बहुतेकांचा प्रश्न "दोन कशाला?" असा असतो. माझा भाचा तेवढा "दोनच का?" म्हणाला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. कोल्हापुरात राजारामपुरीत घरूनच काम करते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि मिरज-सांगलीकडचे पंप बनवणारे छोटे कारखानदार इंपेलरचं (पंपातलं फिरणारं चाक), केसिंगचं (त्याभोवतीचं कवच) ड्रॉइंग पाठवतात. आत पाणी कसं फिरेल, कुठे घुटमळेल, हे मी काँप्युटरवर सोडवून देते. सॉफ्टवेअर ओपनफोम. ते २००४ पासून सगळ्यांना खुलं आहे, लायसन्सचा पैसा लागत नाही. माझ्या धंद्याचं गणित त्यावरच उभं आहे.

जुनं मशीन आय७-७७०० चं होतं. चार कोअर, रॅमचे दोन चॅनल. पंपाचं एक बऱ्यापैकी मोठं मॉडेल, पाण्याच्या जागेचे बासष्ट लाख खण पाडलेली जाळी, त्यावर सुटायला ४१ तास घ्यायचं. शुक्रवारी संध्याकाळी लावायचं आणि रविवारी दुपारपर्यंत लाइट जाऊ नये म्हणून अंबाबाईला हात जोडायचे. त्यातून पार्टीचा फोन आला की "ताई, केसिंगची जीभ दोन मिलिमीटर मागं घेतलीय, परत एकदा बघा की," म्हणजे आणखी ४१ तास.

तेव्हा नवीन मशीन घ्यायचं ठरलं. हातात पन्नासेक हजार होते. दुकानदारांनी सांगितलेलं सगळं एकाच चालीवर: जास्त कोअर घ्या, जास्त गिगाहर्ट्झ घ्या. पण माझं काम तिथे अडत नव्हतं. प्रवाहाच्या या गणितात प्रत्येक कोअरला दर क्षणी रॅममधून ढीगभर आकडे ओढावे लागतात. बेरीज-गुणाकार पटकन होतो, आकडे यायलाच वेळ लागतो. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखं आहे हे. घरात घागरी कितीही असोत, नळ दोनच असतील तर रांग लागणारच. आय७ ला नळ, म्हणजे रॅमचे चॅनल, दोन होते, दोन्ही मिळून सेकंदाला ३८.४ जीबी. तीन कोअर चालवले काय नि चार चालवले काय, घड्याळात जेमतेम फरक पडायचा.

आता हे बघा. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलने झिऑन ई५-२६०० व्ही४ ही सर्व्हरची पिढी काढली. यातल्या प्रत्येक प्रोसेसरला रॅमचे चार चॅनल. डीडीआर४-२४०० रॅम लावली तर एका चॅनलचे १९.२ जीबी, चारांचे ७६.८. आणि नावातला तो २६ चा २ सांगतो की असे दोन एका बोर्डावर बसतात. म्हणजे आठ नळ, १५३.६ जीबी. त्याच्या शेजारी एएमडीचा २०२२ चा रायझन ९ ७९५०एक्स ठेवा. सोळा कोअर, एका कोअरच्या ताकदीत झिऑनला धोबीपछाड. पण चॅनल दोनच, आणि त्याच्या अधिकृत डीडीआर५-५२०० ला ८३.२ जीबी. माझ्या कामापुरता भंगारातला म्हातारा जिंकत होता, तोही रायझनच्या किमतीच्या फुटकळ भागात.

एक मोठा प्रोसेसर घेण्याऐवजी दोन म्हातारे घ्यायचे ते एवढ्यासाठीच. तुमचं काम असं नळावर अडणारं नसेल, म्हणजे फोटो, व्हिडिओ, ऑटोकॅड, गेम, तर पुढचं वाचून विसरून जा आणि सरळ नवा एकच प्रोसेसर घ्या.

आता कोणते दोन, हे ठरवण्यात माझे तीन आठवडे गेले. ई५ च्या नावात पहिलाच आकडा नीट बघायचा. १६ ने सुरू होणारे, उदाहरणार्थ १६५० व्ही४, घड्याळाला वेगवान आणि दिसायला मोहक, पण एकटेच राहणारे. दोन घेऊन बोर्डावरच्या दोन सॉकेटांत, म्हणजे प्रोसेसरच्या खोबण्यांत, बसवले तर बोर्ड जागचा हलणार नाही. २६ वाले दोघांत राहतात, ४६ वाले चौघांत. मग पिढी. व्ही१ आणि व्ही२ ला डीडीआर३ लागते, व्ही३ आणि व्ही४ ला डीडीआर४. व्ही१-व्ही२ चे बोर्ड मिळतात स्वस्त, पण आता त्या रस्त्याला जाण्यात अर्थ नाही.

व्ही४ मध्येही एक बारीक मेख आहे. २६२०, २६३० आणि २६४० हे धाकटे रॅमला २१३३ च्या वर जाऊ देत नाहीत. तुम्ही २४०० ची स्टिक लावा, ती मुकाट २१३३ ने चालते. २६५० पासून पुढे २४०० मिळते. दुकानात "मॅडम, हा पण व्ही४च आहे, सेमच" असं ऐकून मी २६३० ची जोडी घेण्याच्या बेतात होते. आठ नळांसाठी एवढा आटापिटा करायचा आणि मग प्रत्येक नळ थोडा-थोडा बंद ठेवायचा, असला प्रकार झाला असता.

शेवटी तीन नावं उरली. २६६७ व्ही४ ला आठच कोअर, पण पायाच ३.२ गिगाहर्ट्झचा. २६८० व्ही४ ला चौदा कोअर, २.४ चा पाया, एकट्या कोअरला ३.३ पर्यंत झेप. आणि थोरला २६९९ व्ही४, बावीस कोअर. भाच्याचा जीव त्या बावीसवर. दोन घेतले की चव्वेचाळीस कोअर, अठ्ठ्याऐंशी थ्रेड (एक कोअर दोन असल्यासारखा वागतो), टास्क मॅनेजर उघडला की नुसती खिडक्यांची चाळ. पण त्यालाही नळ चारच! चार नळांवर बावीस घागरी लावल्या तर अठरा बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहणार. शिवाय विंडोज ६४ थ्रेडच्या वर गेलं की त्यांचे दोन गट पाडतं, आणि काही प्रोग्रॅमना एकच गट दिसतो. २६८० ची जोडी ५६ वर थांबते, तो तिढाच येत नाही. मी लिनक्स वापरते, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण तुम्हाला असेल.

२६६७ वर मात्र मी खूप घुटमळले. बेळगावच्या एका मैत्रिणीकडे ती जोडी आहे. तिनं माझं मॉडेल तिच्याकडे लावून पाहिलं. त्याच मॉडेलच्या गणिताच्या शंभर फेऱ्यांना तिच्या सोळा कोअरनी ३०१ सेकंद घेतले, माझ्या अठ्ठावीस कोअरनी पुढे २७२. बारा कोअर जास्त आणि फायदा दहा टक्क्यांचा, यातच सगळं आलं. जाळी विणायच्या कामात, जिथे बराचसा भाग एकाच कोअरवर चालतो, तिथे तर तिचं मशीन माझ्या पुढे असतं. ज्यांच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कोअर मोजून पैसे घेतं, त्यांनी डोळे मिटून २६६७ घ्यावा. मी २६८० घेतला तो पैशामुळे. तेव्हा तो निम्म्या किमतीत मिळत होता, आणि १३५ वॉटऐवजी १२० वॉटचा होता. २०१६ मध्ये इंटेलच्या यादीत ज्या एका प्रोसेसरची किंमत १७४५ डॉलर होती, त्याची जोडी मला चार हजार चारशेला पडली.

खरेदी लॅमिंग्टन रोडची. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला, कोणालाही विचारा, लॅमिंग्टनच. रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी धरली, सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड. दुकानं उघडायच्या आधी पोचले, तासभर इराण्याकडे चहा पीत बसले. दुकानाचं नाव लिहीत नाही. पहिल्या मजल्यावर अरुंद जिना, वर सर्व्हरचे पुलआउट, म्हणजे जुन्या सर्व्हरमधून काढलेले, लॉट येतात. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अंडी लावावीत तशा चिपा. मी मागितलेला आकडा ऐकून पोऱ्यानं दोन उचलल्या, थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं वरची वाळलेली पेस्ट पुसली आणि पानाची पुडी बांधतात तशा कागदात बांधून दिल्या. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, बिलावर शिक्का.

पुडी सोडून मी तिथेच अक्षरं वाचली, यासाठी मात्र माझी मीच पाठ थोपटते. प्रोसेसरच्या टाळूवर मॉडेलच्या नावाजवळ एक छोटा कोड असतो. २६८० व्ही४ चा एसआर२एन७. दोन्हीवर तोच हवा. जोडीतले दोघे एकाच मॉडेलचे हवेत, एक व्ही३ आणि एक व्ही४ असला संसार चालत नाही. आणि तिथे एसआरच्या ऐवजी क्यू ने सुरू होणारा कोड असेल, किंवा 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' लिहिलेलं असेल, तर तो कारखान्याचा चाचणीचा नमुना. स्वस्त मिळतो, काही बोर्डांवर चालतो, काहींवर चालत नाही. माझ्या पुडीतल्या एकावर एसआर२एन७, दुसरा निघाला २६८० व्ही३. पोऱ्या हसला, "अरे, मिक्स हो गया मॅडम," आणि बदलून दिला. पाठ एवढ्यासाठीच थोपटायची, कारण चिप उलटी करून तिचं पोट बघायचं माझ्या डोक्यात आलंच नाही.

घरी आल्यावर जुळणी. बोर्ड सर्व्हरमधून निघालेला, सोळा स्लॉटचा, बारा गुणिले तेरा इंचांचा. असला बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. मोठं कॅबिनेट दहा हजारांच्या खाली मिळेना. मग उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले. कार्डबोर्डवर बोर्डाच्या भोकांचा नकाशा काढून दिला. त्यानं एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम, मध्ये पत्रा, भोकं पाडून, आटे मारून, वर पावडर कोटिंग करून अठराशेत दिली. म्हणाला, "ताई, हे काय, लोखंडी चहाचा ट्रॉली व्हय?" भोकं अर्ध्या मिलिमीटरचाही फरक न पडता बसली. कोल्हापूरच्या खरादी हाताबद्दल उगाच बोलत नाहीत.

दोन चुका माझ्या. पहिली, कूलर. या सॉकेटाभोवती स्क्रूंची मांडणी दोन प्रकारची असते. चौकोनी, ८० गुणिले ८० मिलिमीटर, आणि अरुंद, ९४ गुणिले ५६. बाजारात सहज मिळणारे कूलर चौकोनीचे. माझा बोर्ड अरुंद. दोन कूलर परत, कुरिअरचा भुर्दंड माझ्या अंगावर. बोर्ड घेताना पट्टी लावून मोजा, फोटोवर विश्वास ठेवू नका. दुसरी, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी. दोन प्रोसेसरना वीज देणारे दोन आठ-पिनी कनेक्टर लागतात, माझ्याकडच्या एसएमपीएसला एकच होता. ग्राफिक कार्डाचा आठ-पिनी तसाच दिसतो म्हणून मी तो उचललाही होता. त्याच्या पिनांचा क्रम उलटा असतो, ज्या ओळीत इकडे १२ व्होल्ट तिकडे तिथे अर्थिंग. खाचा वेगळ्या असल्यामुळे तो बसला नाही, हे नशीब. जोर लावला असता तर हे लिहायला काही उरलं नसतं.

आणि आता ते ११२.

रॅमचा कारभार बघणारा भाग या पिढीत प्रोसेसरच्या आतच असतो. प्रत्येक प्रोसेसर आपापल्या शेजारच्या चार चॅनलचा मालक. एक चॅनल गायब म्हणजे एक तर सॉकेटातली पिन वाकलेली, नाही तर प्रोसेसरच आजारी. ओळखायचं कसं? सोपं आहे, दोघांची अदलाबदल करायची. दोष जागेवर राहिला तर बोर्ड, दोष प्रोसेसरबरोबर चालत गेला तर प्रोसेसर. रात्री बारा वाजता दोन्ही कूलर उतरवले, पेस्ट पुसली, अदलाबदल केली, नवी पेस्ट, पुन्हा कूलर. सर्व्हरचा बोर्ड चालू होऊन अक्षर दाखवायलाच दोन मिनिटं घेतो. ती दोन मिनिटं मी स्वयंपाकघरात उभी राहून काढली. ११२. पण आता आंधळा स्लॉट पहिल्या प्रोसेसरच्या शेजारी. दोष चालत गेला होता.

सकाळी गुजरीत ओळखीच्या सोनाराकडे गेले, हिरे बघायचं भिंग मागून आणलं. चिप उलटी करून खिडकीपाशी धरली. या सॉकेटाला एलजीए २०११ म्हणतात ते त्याच्या २०११ संपर्कांवरून. चिपच्या पोटावर सोनेरी ठिपक्यांची रांगोळी असते आणि सॉकेटात तेवढ्याच पिना. रांगोळीच्या मधल्या मोकळ्या जागेत कपॅसिटर बसवलेले असतात, तांदळाच्या कणीएवढे, ओळीनं. एका ओळीत एका कणीची जागा रिकामी. नुसते डाग शिल्लक, सांधा तुटल्यासारखे. शिवाय चार-पाच ठिपक्यांवर पेस्टचा करडा थर. तो थर मी आयसोप्रोपिलने पुसून पुन्हा लावून पाहिलं, उगाच आशा ठेवायला नको म्हणून. ११२. त्या हरवलेल्या कणीमुळेच चॅनल गेला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण चिप सदोष होती एवढं नक्की.

दुकानात फोन केला.

"मॅडम, चालू होतोय ना?"

"चालू होतोय. पण एक चॅनल मेलाय."

"विंडोज येतंय ना पण?"

"शेठ, मी विंडोज वापरत नाही."

यावर पलीकडे जी शांतता पसरली ती ऐकण्यासारखी होती. शेवटी "पाठवा, बघतो" झालं. मी पाठवली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा महालक्ष्मी धरली, भिंग घेऊनच गेले. ट्रेमधल्या सहा चिपा उलट्या करून बघितल्या, सातवी पसंत केली. पोऱ्याला वाटलं असणार, बाई मुलगी बघायला आलीये. बदलून दिली, कुरकुर केली नाही, तेवढे गुण द्यायला हवेत. पण "विंडोज येतंय ना" ही त्या बाजाराची चाचणी आहे. मेलेला चॅनल घेऊनही विंडोज झकास येतं. माझ्या शंभर फेऱ्या मात्र २७२ ऐवजी ३४१ सेकंदांवर जात होत्या, कारण अठ्ठावीस जणांच्या पंगतीत एकाला वाढायला उशीर झाला की सगळी पंगत थांबते.

दुसरी चिप आली, स्क्रीनवर १२८ आलं, आणि तेच ४१ तासांचं काम साडेनऊ तासांत झालं. संध्याकाळी जेवून लावायचं, सकाळी उठून बघायचं.

स्टिक कुठे लावल्या याला या मशीनमध्ये सगळं महत्त्व आहे. प्रत्येक प्रोसेसरला आपली चार भरलेली हवीत. एकाला दुसऱ्याच्या रॅममधलं काही हवं असेल तर ते मधल्या क्यूपीआय नावाच्या पुलावरून आणावं लागतं, आणि पूल म्हटला की पंचगंगेवरचा असो की बोर्डावरचा, गर्दीच्या वेळी तुंबतोच. मी मुद्दाम आठही स्टिक पहिल्याच प्रोसेसरकडे लावून पाहिल्या. मशीन चालू झालं, १२८ दाखवले, कुठेही चूक नाही. शंभर फेऱ्यांना ५८० सेकंद. निम्म्याहून कमी वेग, आणि स्क्रीनवर त्याचा मागमूस नाही. लिनक्सवर न्यूमाकंट्रोलची एक आज्ञा दिली की कोणाकडे किती रॅम ते दिसतं. ते एकदा बघाच. बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग (दोघांची रॅम एकत्र मिसळणारी सोय) बंद ठेवा. आणि हायपरथ्रेडिंगच्या, म्हणजे एका कोअरचे दोन थ्रेड करण्याच्या, नादाने कामाचे छप्पन तुकडे पाडू नका. मी पाडले, २९१ सेकंद लागले, अठ्ठावीसपेक्षा हळू. रॅम रजिस्टर्ड ईसीसी, म्हणजे चुका पकडणारी सर्व्हरची, घ्यायची. साध्या डेस्कटॉपला ती चालत नाही म्हणूनच जुन्या बाजारात ती स्वस्त मिळत आली. मी घेतली तेव्हा अठराशेला एक होती, हल्ली भाव चढलेत. चिनी बनावटीचे नवे दुहेरी बोर्डही मिळतात, त्यांतल्या काहींवर प्रत्येक प्रोसेसरला दोनच चॅनल जोडलेले असतात. स्लॉट मोजा, आणि चॅनलही विचारा.

विंडोजवाल्यांसाठी दोन वाक्यं. होम आवृत्ती एकच सॉकेट ओळखते, दुसरा प्रोसेसर नुसता गरम व्हायला. प्रो लागते. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही पिढी नाही आणि १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. (होमचं हे वागणं नवं नाही. १९९९ मध्ये ॲबिटचा बीपी६ नावाचा बोर्ड आला होता, त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन बसायचे. सांगलीला शिकत असताना एका सीनिअरच्या खोलीत तो होता. अख्खं होस्टेल बघायला जायचं, आणि त्यानं त्यावर घातलं होतं विंडोज ९८, ज्याला दुसरा प्रोसेसर दिसायचाच नाही. वर्षभर तो एकाच सेलेरॉनवर गाणी ऐकत होता. मग कोणीतरी लिनक्सची सीडी आणून दिली.)

आता त्रास. पहिला आवाज. सर्व्हरचा बोर्ड, त्याला घरचा सावकाश फिरणारा पंखा म्हणजे बंद पडलेला पंखा वाटतो. घाबरून तो सगळे पंखे पूर्ण वेगात सोडतो, मग पंखा जोरात फिरताना दिसला की शांत होतो, मग पुन्हा घाबरतो. दर दहा-बारा सेकंदांनी भुंकणं. पहिल्या रात्री सासूबाईंनी दार वाजवून विचारलं, "मिक्सर बंद करायचा राहिलाय का गं?" बोर्डाच्या देखरेखीच्या चिपला आयपीएमआयमधून (तिच्याशी बोलायची सोय) पंख्याच्या किमान फेऱ्यांची मर्यादा खाली करून सांगितली तेव्हा थांबलं. तरीही झोपायच्या खोलीत ठेवायची वस्तू नव्हे.

दुसरा लाइट बिल, आणि इथे मला स्वतःलाच चकवा बसला. मीटर लावून मोजलं, पूर्ण भारावर भिंतीतून ३४५ वॉट. जुनं मशीन ९५ ओढायचं. पण जुनं ४१ तास चालायचं, म्हणजे एका कामाला ३.९ युनिट. हे साडेनऊ तासांत ३.३. कामाच्या हिशेबात म्हातारी जोडी स्वस्त पडली. महाग पडते ती रिकामी बसल्यावर. काही न करता १०० वॉट, दिवसभर तशीच ठेवली तर २.४ युनिट नुसते हवेत. त्यामुळे काम संपलं की मशीन बंद, असा आमच्याकडे नियम आहे.

उष्णतेचं काय सांगू. मे महिन्यात दुपारी काम लावलं तर प्रोसेसर ७१ अंशांवर राहतात, त्यांचं काही बिघडत नाही, बिघडतं ते खोलीतल्या माणसाचं. मी दुपारी लावणं सोडलं. डिसेंबरात मात्र विरजण लागत नाही म्हणून सासूबाई दह्याचं भांडं मशीनच्या मागच्या बाजूला ठेवतात. मला न विचारता पहिल्यांदा ठेवलं तेव्हा मी ओरडले. आता मीच आठवण करते.

भाच्यानं सुटीत येऊन त्यावर गेम टाकला. जुनं ग्राफिक कार्डही लावलं. अर्ध्या तासानं खाली आला. "मावशी, मशीन नाद खुळा हाय, पण गेम माझ्या लॅपटॉपवर जास्त पळतोय." पळणारच. गेमला दोन-चार कोअर वेगवान हवे असतात, आणि तीन गिगाहर्ट्झच्या आसपासचे हे २०१६ चे अठ्ठावीस कारकून त्याच्या काय कामाचे? माझंही थ्रीडी ड्रॉइंग मी अजून त्या जुन्या आय७ वरच करते. तिथे तो सरस आहे.

आज पुन्हा घेतलं असतं का? हातात पन्नासच हजार असते, तर होय, हेच दोन. सव्वा लाख असते तर दोन सॉकेटांच्या भानगडीत पडले नसते. एएमडीच्या २०१९ च्या एपिक ७००२ पिढीत एकाच प्रोसेसरला डीडीआर४-३२०० चे आठ चॅनल, २०४.८ जीबी. पूल नाही, जोडी जुळवणं नाही, कूलर एक. तेही आता जुन्या बाजारात दिसायला लागलेत. फक्त विचारून घ्यायचं, कारण काही कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेले एपिक त्याच कंपनीच्या बोर्डाशी कायमचे बांधलेले असतात, दुसरीकडे चालूच होत नाहीत.

गेल्या महिन्यात मुंबईला कामासाठी गेले होते, तेव्हा त्याच जिन्यानं वर जाऊन तिसरा २६८० व्ही४ घेऊन आले, एकोणीसशेला. जोडीतला एक गेलाच तर हाताशी असावा. पोऱ्यानं मला बघितल्याबरोबर ट्रे पुढे केला आणि चिपा आधीच उलट्या करून ठेवल्या. घरी आल्यावर पहिल्या सॉकेटात बसवून चारही चॅनल दिसतात याची खात्री केली, पुन्हा काढला, फोममध्ये गुंडाळून वेलदोड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय. डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय, 'तपासला, ६४ दिसले'. सोनाराचं भिंग तेवढं अजून परत करायचं राहिलंय.